मंगळवारचा पिक्चर

"शेवट सांगायचा नसतो. पाप लागतं." एवढं म्हणून काकी दातात धरलेला दोरा तोडायची. दोरा तुटला की त्या आठवड्याच्या पिक्चरवरचं बोलणं संपलं, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

हे लिहिताना मला थोडी धास्ती वाटते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कॉलेजात पिक्चरवर बोलणं निघालं की मुलं कॅमेरा, प्रकाश, एडिटिंग असं बोलतात आणि मी मान हलवते. माझं मत विचारलं तर घशाशी काकीचंच वाक्य येतं, आणि ते तिथे बोलण्यासारखं नसतं. परवा एकाने विचारलं, तो नवा लढाईचा पिक्चर कसा वाटला. मी म्हणणार होते, घोडे चांगले होते. गप्प बसले.

काकी लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, आमच्यापासून दोन दारं सोडून राहायची. हिंदमाताच्या दुकानांतून साड्या आणून त्यांना फॉल-बिडिंग करायची. मंगळवारी तयार साड्यांचं गाठोडं दुकानात पोचवायचं, आणि मंगळवारी तिकीट स्वस्त असतं म्हणून तसंच परळच्या मॉलमध्ये दुपारच्या खेळाला जाऊन बसायचं, हा तिचा नेम. एकटीच जायची. संध्याकाळी गॅलरीत बायका तिची वाट बघत असायच्या. आमच्याकडे पद्धतच तशी होती. आधी काकी जाणार, मग ती सांगेल त्यावर बाकीच्या ठरवणार. तुमच्याही मजल्यावर अशी एखादी असेल, तिच्या शब्दावर लोक चपला घालतात.

मत देताना काकी कधी बसायची नाही. खांद्यावर कोणाची तरी साडी, हातात सुई, आणि गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. ऐकायचं तर तिच्या मागे चालावं लागायचं. भुताच्या पिक्चरबद्दल म्हणाली होती की भूत बिचारं बरं होतं, घरातली माणसंच वाईट. एका मोठ्या हिरोबद्दल म्हणाली, मारामारीतसुद्धा आत्ताच अंघोळ करून आल्यासारखा दिसतो. एका सिनेमातली सून झोपताना पैठणी नेसते म्हणून ती आठवडाभर चिडलेली होती. "उद्यापासून मी गोधडीला फॉल लावते," म्हणाली.

तिच्याकडे स्टार वगैरे नव्हते. काही पिक्चर नवऱ्याला घरी ठेवून बघण्यासारखे असायचे, काही पोटभर जेवून जाण्यासारखे. सगळ्यात वरचं सर्टिफिकेट म्हणजे 'सासूला चालेल.' ते वर्षातून एखाद्यालाच मिळायचं.

गोष्ट मात्र ती शेवटपर्यंत कधीच सांगायची नाही. सगळं रंगवून सांगायची, हिरोईन दारात उभी आहे, बाहेर गाडी थांबली आहे, इथपर्यंत आणायची आणि दोरा तोडायची. बायका हात जोडायच्या, शेजारच्या नीतावहिनी तर चिमटे काढायच्या, पण काकी बधायची नाही. आमच्या मजल्यावर याचा फार मान होता. बाकी सगळ्या एकमेकींच्या घरातलं सगळं सांगतात, पण काकीच्या पोटात शेवट राहतो, असं माझी आई म्हणायची.

बारावीच्या निकालानंतर काकी मला एकदा बरोबर घेऊन गेली. मॉलमध्ये मी तोपर्यंत वरच्या मजल्यावर गेले नव्हते. गार हवा, मऊ खुर्ची, मी अगदी हरखून बसले होते. काकी मात्र शेजारी सारखी चुळबुळत होती. एक पाय चपलेत, एक बाहेर. मध्ये मध्ये पदराआड मोबाइल पेटवून वेळ बघायची. पडद्यावर लग्नाच्या मांडवात पोलीस आले होते, आता काय होणार म्हणून मी श्वास रोखला होता, तेवढ्यात तिने मला कोपराने ढोसलं.

"चल."

मी म्हटलं, अजून संपला नाही.

"आपला संपला."

मग ती जी निघाली ती थेट चाळीपर्यंत. मी तिच्या मागे जवळजवळ पळत होते. पुलाखालून जाताना ती मला धापा टाकत सांगत होती की तो पोलीस म्हणजे मुलीचा हरवलेला भाऊ असणार, नसेल तर नवरा मुलगा आधीच लग्न झालेला असणार, या दोहोंपलीकडे तिसरं काही होत नाही. घरी पोचल्यावर साडी वर खोचून ती सरळ नळावर गेली. संध्याकाळी बायका जमल्या. मांडव, पोलीस, सगळं सांगून झालं. "शेवट सांगायचा नसतो," काकी म्हणाली आणि माझ्याकडे बघून तिने एक डोळा बारीक केला.

त्या दिवशी मला कळलं की काकीने गेले कित्येक महिने एकाही पिक्चरचा शेवट बघितलेला नव्हता.

कारण पाणी. आमच्याकडे दुपारी साडेचारला पाणी यायचं. मजल्याच्या टोकाला सामायिक नळ, पाळीपाळीने भरायचं. पाळी चुकली की त्या दिवशीचं पाणी गेलं. काकीच्या घरचं पाणी काका भरायचे, ते सकाळच्या शिफ्टला कामाला जात आणि तीनला घरी येत. काकी धावत यायची ती सुमनमावशीसाठी.

सुमनमावशी नळाच्या विरुद्ध टोकाला, शेवटच्या खोलीत राहायची. भाऊ, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून एकटी. गुडघे गेलेले. तिच्या सासरचं गाव तेच काकीचं माहेर, त्यामुळे काकी तिला गावची लेक, आणि काका गावचे जावई. जावयाला पाणी भरायला लावायचं म्हणजे मावशीच्या लेखी मरणच. तहानेने जीव गेला असता तरी तिने काकांच्या हातात कळशी दिली नसती. दुसऱ्या कोणाचे उपकारही तिला नको असत. काकीने तिला समजावलं होतं की मी माझं भरतेच आहे, त्यात तुझ्या दोन कळश्या, मला काय वेगळं पडतं? तेवढ्यावर मावशी तयार झाली होती. बदल्यात काकीला लसूण सोलून द्यायची, तांदूळ निवडून द्यायची. दोघींचा हिशेब मिटलेला. काकीच्या घरचं पाणी काका भरतात हे मावशीला माहीत नव्हतं. गुडघ्यांमुळे ती नळापर्यंत कधी येतच नव्हती.

मग तो म्हातारा-म्हातारीचा पिक्चर आला.

काकी त्या मंगळवारी आली ती हसतच. म्हातारा निवृत्त होतो आणि स्कूटर शिकायला घेतो. म्हातारी मागे बसते आणि अख्ख्या रस्त्याला शिव्या घालते, सिग्नलला, पोलिसाला, म्हाताऱ्याला. काकीने ती म्हातारी आम्हाला करून दाखवली. गॅलरीत बायका कठड्याला धरून हसत होत्या. हसण्याचा आवाज ऐकून सुमनमावशीने दार किलकिलं केलं. भाऊंना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्या दिवशी ती हॉस्पिटलमधून घरी आली त्यानंतर चाळीचा जिना उतरली नव्हती. काकीने ते किलकिलं दार बघितलं. येरझाऱ्या थांबवून ती मावशीसमोर जाऊन उभी राहिली.

"सासूला चालेल," ती म्हणाली. "तुलाही चालेल. नुसता हसवतो गो. जाऊन ये."

मावशीला तयार करायला चार दिवस लागले. कधी गुडघे, कधी एकादशी, कधी लोक काय म्हणतील. काकी रोज तिच्या दारात जाऊन म्हातारीच्या नवीन नवीन शिव्या सांगायची. त्यातल्या निम्म्या पिक्चरमध्ये नसणार, असं मला तेव्हाही वाटत होतं. शेवटी शनिवारी नीतावहिनी, माझी आई आणि आणखी दोघी मावशीला घेऊन निघाल्या. मावशीने मोतिया रंगाची साडी नेसली होती. तिचा फॉल काकीनेच लावला होता. टॅक्सी चाळीच्या दारापर्यंत आणली होती. तीन मजले उतरायला मावशीला किती वेळ लागला ते मी सांगत नाही, पण प्रत्येक मजल्यावर लोक बाहेर येऊन उभे होते, जशी काही वरातच. काकी गेली नाही. म्हणाली, माझा बघून झालाय. ती वरून कठड्यावर वाकून टॅक्सी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

त्या परत आल्या तेव्हा मी गॅलरीतच वाचत बसले होते. जिन्यावर कोणी बोलत नव्हतं, त्यावरून मला आधी वाटलं मावशी पडली की काय. पण मावशी सगळ्यांत पुढे होती. कोणाचा हात धरला नव्हता. ती आपल्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. दारात काकीने भरून ठेवलेल्या दोन कळश्या होत्या. त्या तिने आत घेतल्या नाहीत.

नीतावहिनी काकीच्या दारात आल्या. पिक्चरमध्ये शेवटी म्हातारा आजारी पडतो, हॉस्पिटलात भरती होतो आणि तिथेच जातो, हे त्यांनीच सांगितलं. थिएटरमध्ये मावशी अंधारात उठून उभी राहिली होती. मागचे लोक बसा बसा म्हणत होते आणि तिला बसता येत नव्हतं.

"काकी, तुम्हाला माहीत होतं ना?" नीतावहिनी म्हणाल्या. "तुमचा तो शेवट सांगायचा नसतो, ते ठीक आहे. पण माणूस बघाल की नाही समोरचं?"

काकीच्या हातात सुई होती. ती तशीच हातात राहिली. मी उठले. तिने शेवट बघितलाच नव्हता, तिला माहीत असणं शक्यच नव्हतं, हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. काकीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. नीतावहिनींना ती एवढंच म्हणाली, चुकलं माझं.

त्या गेल्यावर मी विचारलं, खरं का सांगत नाहीस? तिने मला आत ओढलं.

"काय सांगू? की बाय, तुझ्या दोन कळश्यांसाठी मी वर्षभर अर्धा पिक्चर टाकून पळत येते? मग तिला ते पाणी घशाखाली उतरेल का?" मग हळू आवाजात म्हणाली, "तू बोललीस तर बघ."

मी बोलले नाही. पण मला ते सहन होत नव्हतं. वाचायला बसले की उठायचे, उठले की कुठे जायचं ते कळायचं नाही. मावशीने दुसऱ्या दिवशीपासून काकीला कळश्या भरू दिल्या नाहीत. खालच्या दुकानातून पाण्याचा एक जार मागवला आणि तेवढ्यावर भागवू लागली. आईने भरून देते म्हटलं तर नको म्हणाली. काकी रोज साडेचारला नळाजवळ जाऊन उभी राहायची, रिकाम्या हातांनी, आणि पाणी गेलं की परत यायची. मंगळवारी ती साड्या पोचवून सरळ घरी आली. गॅलरीत बायका होत्या, पण कसा होता असं कोणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. त्या दिवशी तिने एका साडीचा फॉल उलटा लावला आणि सगळा उसवून काढला.

असे दोन-तीन आठवडे गेले असतील. एका दुपारी पाणी आलं आणि मावशीचं दार उघडलं. ती स्वतः कळशी घेऊन बाहेर आली. लहान कळशी, भिंतीला हात टेकत. सगळ्या बायका बाजूला झाल्या. काकी नळापासून दोन पावलं मागे सरकली. नळावर तेव्हा काका हंडा लावून उभे होते, बनियनवर, लुंगी दुमडलेली. मावशी थबकली. जावई नळावर बघून तिने पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं की जावईबापू, आज तुम्ही कसे?

काका साधा माणूस. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

"मी रोजच भरतो की," ते म्हणाले. "ही कुठे भरते आमचं? ही येते ती तुमच्यापुरती. पिक्चर अर्धा टाकून येते मंगळवारी. मी म्हणतो, एकदा तरी पूर्ण बघ. ऐकत नाही."

हंडा भरून वाहत होता. काकांनी तो उचलला आणि ते गेलेसुद्धा. नीतावहिनी काकीकडे बघत होत्या आणि काकी कोणाकडेच बघत नव्हती.

मावशीने कळशी अर्धी भरली. तेवढीच तिला उचलवत होती. ती घेऊन ती आपल्या खोलीत गेली, मला वाटलं आता हे दार कायमचं लागलं. पण थोड्या वेळाने ती भिंत धरत धरत काकीच्या दारात आली. मी तिथेच होते, सुईत दोरे ओवून ठेवत होते. उठायला लागले तर मावशीने हाताने बस म्हटलं. ती उंबऱ्यावर टेकली. काकी आत उभी, खांद्यावर साडी.

"शेवट सांगू तुला?" मावशी म्हणाली.



मावशीने सांगितला. अगदी नीट, एकही गोष्ट न गाळता. म्हाताऱ्याला दम लागतो, स्कूटर रस्त्याच्या कडेला तशीच राहते. मग हॉस्पिटल. रात्रभर म्हातारी त्याचा हात धरून बसते. सकाळी तो डोळे उघडतो, तिच्याकडे बघून हसतो आणि जातो. हात तसाच तिच्या हातात.

"तिने सोडला नव्हता," मावशी म्हणाली. "मी चहाला गेले होते गो. नर्स म्हणाली, मावशी, इतक्यात काही होत नाही, खाली जाऊन चहा पिऊन या. मी गेले. बिस्किटसुद्धा खाल्लं. वर आले तर पडदा ओढलेला."

हे मजल्यावर कोणालाच माहीत नव्हतं. मावशी शेवटपर्यंत भाऊंच्या उशाशी होती असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो आणि तिनेही कधी नाही म्हटलं नव्हतं. मला वाटलं आता काकी तिच्याजवळ बसेल, पाठीवरून हात फिरवेल, रडू नको म्हणेल. काकीने खांद्यावरची साडी झटकून या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"खोटा आहे," ती म्हणाली.

मावशीने वर बघितलं.

"शेवट. एकदम खोटा. असं कोण जातं गो, डोळे उघडून, हसून, हातात हात घेऊन? माझा बाप गेला तेव्हा आम्ही सातजण खोलीत होतो. कोणाला कळलंसुद्धा नाही. मोठा भाऊ क्रिकेटचा स्कोअर सांगत होता त्याला." ती चालायला लागली होती, त्या दहा फुटांच्या खोलीत, खाटेपासून ओट्यापर्यंत आणि परत. "पिक्चरवाल्यांना तिकिटं विकायची असतात. रडवायचं ठरवलं की कायपण दाखवतात. पहिला हाफ मात्र खरा आहे. स्कूटरवरचा. तो बघून मी म्हटलं, ही तर आमची मावशी. भाऊंकडे स्कूटर नव्हती एवढंच."

"मी शिव्या घालायचे?"

"खालच्या वाण्याला ऐकू जायच्या."

मावशीच्या तोंडातून एक आवाज आला. आधी मला कळेना तो कसला. तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते, आणि काकी थांबून तिच्याकडे बारकाईने बघत होती, हसतेय की रडतेय ते ठरवत. मग पदर खाली आला.

"खोटाच," मावशी म्हणाली. "म्हाताऱ्याची दाढीसुद्धा केलेली होती. हॉस्पिटलात कोण करतं?"

मग त्या दोघी त्या हॉस्पिटलाच्या चुका काढत बसल्या. मी कितीतरी वेळ ऐकत होते.

आता ती चाळ नाही. आम्ही सगळे भाड्याच्या जागांत विखुरलो आहोत, नवी इमारत उभी राहीपर्यंत. मावशी अँटॉप हिलला पुतण्याकडे आहे. काका-काकी पार बदलापूरच्या पुढे गेले. तिथे जवळपास थिएटर नाही, असं काकी फोनवर म्हणाली, आणि साड्यांचं कामही सुटलं. आवाज नेहमीसारखाच होता, पण ती बोलताना चालत नसावी. मला ते ऐकू येतं.

तो पिक्चर आता मोबाइलवर आला आहे. मी दोनदा लावला. स्कूटरपर्यंत बघितला, म्हातारीच्या शिव्या मोजल्या, काकीने सांगितल्या त्यातल्या निम्म्या त्यात नाहीत. पुढे त्याला दम लागतो तिथे मी बंद केला. परीक्षेचे दिवस आहेत, झोप लागत नाही, पुन्हा पुन्हा हात तिकडे जातो. पण काकीने खोटा म्हटला आहे. तो खोटा निघाला नाही तर मी मावशीला काय सांगू?